भिंगारदिवे सरांचा तह

भिंगारदिवे सर जिला घाबरत नाहीत अशी एक तरी गोष्ट शोधून काढायची, अशी पैज आमच्या शिक्षकांच्या खोलीत अधूनमधून लागे. ती कुणी जिंकल्याचं मला आठवत नाही. कुत्रा, वीज, विहिरीचा काठ, शाळा-तपासनीस, मुलांचा चेंडू, तार घेऊन येणारा पोस्टमन, इतकंच काय, उतू जायला आलेलं दूध. सर सगळ्यांना घाबरत. रस्त्याच्या वळणावर आले की थांबत, मान पुढे काढून पलीकडे पाहत आणि मगच वळत. मुलांनी त्यांचं नाव भागूबाई ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक होतं. एकदा मला म्हणाले, "औटी, नाव काही वाईट नाही. भागूबाया फार दिवस जगतात."

सत्तेचाळीसच्या जूनमध्ये मी त्या शाळेत लागलो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पारनेरकडच्या आमच्या वाडीत माझी बी.ए.ची पदवी सगळ्यांनी हातात घेऊन पाहिली होती, आणि एका चुलत्याने ती उलटी धरून वाचली होती. शाळा जामखेड तालुक्यात, निजामाच्या हद्दीला लागून असलेल्या एका बाजाराच्या गावी होती. गावाच्या पूर्वेला ओढा आणि ओढ्यापलीकडे बोरवंडी. ते गाव निजामाचं. त्या काठावर निजामाच्या जकातीचा नाका होता. त्याला करोडगिरी म्हणत. तिथला नाकेदार बशीरमियाँ आमच्या बाजारात पानं घ्यायला येई आणि सरांना हटकून सलाम करी. दोन्ही गावांच्या लेकी एकमेकांकडे दिलेल्या होत्या. पंधरा ऑगस्टला आमच्याकडे झेंडा लागला, पलीकडे लागला नाही, आणि त्या दिवसापासून तो गुडघाभर पाण्याचा ओढा एकदम रुंद झाला.

मी गणित आणि भूगोल शिकवायचो, सर इतिहास. त्यांचा वर्ग माझ्या वर्गाला लागून होता. मधे कुडाची भिंत, त्यामुळे त्यांचा युरोपचा इतिहास मी फुकट शिकलो. त्यांची एक पद्धत होती. लढाया ते शिकवतच नसत. म्हणत, "लढाया पुस्तकात आहेत, घरी वाचा. भांडायला शिकवणी लागत नाही. तह कसा झाला ते मी सांगतो."

वेस्टफेलियाचा तह म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तीस वर्षं जर्मनीत माणसं एकमेकांना कापत होती, असं ते हळू आवाजात सांगत. आधीचा नियम असा की ज्याचं राज्य त्याचा धर्म. राजाचा पंथ पटत नसेल त्याने चंबूगबाळं उचलून दुसऱ्याच्या राज्यात जावं. तेही निभलं नाही. शेवटी सगळे थकले, तेव्हा बोलायला बसले. पण एका छपराखाली बसायला कुणी तयार होईना. म्हणून कॅथलिक मुन्स्टरला बसले, प्रॉटेस्टंट ओस्नाब्रुकला, आणि मधल्या रस्त्यावर घोडेस्वार निरोप घेऊन पळत राहिले. दारातून आधी कोणी आत शिरायचं, यावरच महिने गेले. इथे सर हसत. मग एकदम गंभीर होऊन म्हणत, "मुलांनो, तह शूर माणसं करत नाहीत. शूर माणसं लढतात आणि मरतात. तह भ्यालेली माणसं करतात. आपण आज ज्याला देश म्हणतो, ज्याची हद्द नकाशात रेघ मारून दाखवतो, ती रेघ भ्यालेल्या माणसांनी मारलेली आहे. माझ्या घरात मी, तुझ्या घरात तू. मी तुझ्या दाराची कडी वाजवणार नाही, तू माझ्या नको."

एकदा पाटलाच्या नातवाने मागून विचारलं, "पन सर, शेजारच्या घरातून कुनी वरडलं तर?"

कुडापलीकडे खडू खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "ते कलम लिहायचं राहून गेलं."

वर्गात दोन मुलं भांडली की सर त्यांना छडी मारत नसत. एकाला स्वतःच्या वर्गात बसवत, दुसऱ्याला माझ्या, आणि स्वतः मधल्या दारातून निरोप नेत-आणत. "तो म्हणतो, तू त्याची गोफण मोडलीस." "त्यानं आधी माझी टोपी ओढ्यात टाकली." पहिलं कलम नेहमी एकच असे: आजपर्यंत झालं ते बोलायचं नाही. हेही त्यांनी वेस्टफेलियातूनच उचललं होतं. ते मान्य झाल्याशिवाय दुसरं कलम निघत नसे. या निरोपानिरोपीत माझा गणिताचा तास पार बुडे. पण मुलं शेवटी कंटाळून हसायला लागत.

सरांचं घर अगदी ओढ्याच्या काठावर, गावाच्या शेवटी होतं. ख्रिस्ती लोकांची चार घरं होती, त्यातलं शेवटचं. मार्थाबाई, त्यांची बायको, पांगळ्या होऊन खाटेवर होत्या. कमरेखालचं अंग गेलं होतं, तोंड मात्र पुरेपूर शाबूत होतं. सर त्यांना सकाळी न्हाऊ घालत, केस विंचरत, भाकरी करत. भाकरी जाड होई. मार्थाबाई म्हणत, "औटी मास्तर, खावा. ह्या भाकरीनं दात पडत्यात, पन पोट भरतं."

अठ्ठेचाळीसचा उन्हाळा आला आणि पलीकडून माणसं येऊ लागली. डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं, मागे एखादी शेळी. हत्यारबंद टोळ्या गावं लुटतात, घरं पेटवतात, असं ती सांगत. आमच्या गावातही बाहेरून तरुण अधूनमधून येऊन उतरत. तेही पलीकडे जाऊन नाके जाळून येत. कोण कधी येईल याचा भरवसा राहिला नाही. बायकांनी दागिने चुलीखाली पुरले. दिवस मावळला की कुणी दिवा लावीना. कुत्रं भुंकलं की सगळी आळी श्वास धरून बसे. शाळेत निम्मी बाकं रिकामी झाली. ज्याची सोय होती तो बैलगाडी जुंपून बायकापोरांना नगरकडे पाठवू लागला.

सर जाऊ शकत नव्हते. डॉक्टरांनी बजावलं होतं की या बाईला गाडीत घातलंत तर वाटेतच जाईल. त्या दिवसांत मी बऱ्याचदा त्यांच्याकडे जाऊन बसे. एकदा मार्थाबाई माझ्यादेखत त्यांना म्हणाल्या, "तुमी जावा की नगरला भावाकडं. मला कोन उचलून नेतंय? चार मानसं लागत्यात."

सर तांब्या घासत होते. म्हणाले, "मला एकट्याला रस्त्यात भीती वाटते."

"आन् हितं न्हाई वाटत?"

"इथे तू असतेस."

मार्थाबाईंनी तोंड भिंतीकडे वळवलं. टोळी ओढा उतरून आली तर पहिलं घर त्यांचं होतं. हे त्या दोघांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि सगळ्या गावाला ठाऊक होतं.

त्यानंतर काही दिवसांनी सरांनी मला बाजूला घेतलं. चेहरा पांढराफटक. "औटी, मी तह करायचं म्हणतो."

मला आधी वाटलं, वर्गातल्या पोरांचं काही असेल.

"बोरवंडीशी," ते म्हणाले. "ते आपल्याला भितात, आपण त्यांना भितो. आता याहून चांगली वेळ येणार नाही."

एका संध्याकाळी आबा पाटील आणि गावातली जुनी माणसं सरांच्या ओसरीवर येऊन बसली. पलीकडे नाक्याच्या खोलीत बशीरमियाँ आणि बोरवंडीचे चार म्हातारे जमले. मधे ओढा. धोतर वर खोचून, काठी टेकत, एकेक पाऊल चाचपत सर इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जाऊ लागले. पाण्यात साप असतो म्हणून एरवी ते ओढ्याकडे फिरकतही नसत.

पहिल्या कलमालाच आबा पाटील भडकले. "माझी कडब्याची गंजी जाळली त्यांनी. ती इसरू?"

"विसरू नका," सर म्हणाले. "फक्त बोलू नका. त्यांच्या नाक्याचं छप्पर आपल्या बाजूनं जळालंय. तेही बोलणार नाहीत."

"आन् हे कबूल करायचा त्यांना काय आधिकार? निजामाला इचारलंय का?"

"आबा, वेस्टफेलियात तीनशे बारकेबारके संस्थानिक होते. कुणाचं राज्य तुमच्या मळ्याएवढं. त्यांनाही तह करायचा हक्क मिळाला. बादशहाच्या विरुद्ध करायचा नाही, एवढीच अट. आपणही कुणाच्या विरुद्ध करत नाही."

आबांनी इतरांकडे पाहिलं. "हे वेस्टफेल कुठं आलं?"

"लांब हाय," आतून मार्थाबाई म्हणाल्या. "त्यांच्या डोस्क्यात हाय. करून टाका आबा, म्हंजी मला झोप तरी लागंल."

कागद करायचा नाही असं ठरलं, कारण सापडला तर दोन्हीकडची सरकारं फासावर देतील. दुसरं कलम सरांनी स्वतः काढलं होतं. सकाळी ऊन वर आलं की दोन्ही गावांची जनावरं एकाच डोहावर पाणी प्यायला येत; इकडची इकडच्या काठाने, तिकडची तिकडच्या. कुणाच्या गावात बाहेरची हत्यारबंद माणसं शिरली, तर त्या गावाने त्या दिवशी जनावरं पाण्यावर आणायची नाहीत. समोरच्याने काय ते समजावं आणि बायकापोरं हलवावीत. सर म्हणाले, "गुरं पाण्यावर आणली नाहीत म्हणून कुठलं सरकार कुणाला धरतं?"

अंधार पडता पडता दोन्ही काठांनी हो म्हटलं. सर ओसरीवर आले तेव्हा त्यांचे दात वाजत होते. पाणी काही थंड नव्हतं.

बातमी फुटायची ती फुटलीच. तालुक्याच्या फौजदाराने सरांना बोलावलं. सोबत म्हणून मी गेलो. सर दारातच थांबले, तेव्हा फौजदारानेच खुर्ची पुढे सरकवली.

"परराज्याशी बोलणी करता, मास्तर? याला काय म्हणतात ठाऊक आहे?"

"हो साहेब. मी तेच शिकवतो."

"मग?"

"साहेब, मी भ्यालो होतो."

"कुणाला?"

"त्यांना. आपल्या पोरांना. आता तुम्हाला."

फौजदाराला हसू आलं, पण त्याने ते मिशीत दाबलं. "जा घरी. पण त्या ओढ्यावर काही वेडंवाकडं झालं, तर पहिलं नाव तुमचं लिहीन, ध्यानात ठेवा."

परतीच्या वाटेवर सर प्रत्येक वळणाला दोनदा थांबून पाहत होते.

सगळा श्रावण जनावरं पाण्यावर येत राहिली. सकाळी आधी घंटांचा आवाज ऐकायचा आणि मगच चूल पेटवायची, अशी गावाला सवय लागली. आमची जनावरं उतरली की समोरची उतरत. गुराखी एकमेकांशी बोलत नसत, पण मोजून मापून पाहून घेत.

मग पोळा आला. आदल्या दिवशी पाऊस झाला होता आणि ओढ्याला गढूळ पाणी होतं. सणाचा बैल गढूळ पाण्यात कसा धुवायचा? आबा पाटलांनी सांगितलं, यंदा बैल पश्चिमेच्या तळ्यावर न्या. बैलांमागोमाग गाई, वासरं, म्हशी, सगळंच खिल्लार तिकडे गेलं. शिंगं रंगवायची, झुली काढायच्या, पुरणाचा घाट. त्या गडबडीत तह कुणाच्या ध्यानात आला नाही. सणाच्या दिवशी कुणाला लढाई आठवते?

मी सरांकडे जेवायला गेलो होतो. शेजारच्या सखारामच्या बायकोने पोळ्या आणून दिल्या होत्या. सर मार्थाबाईंना उशीला टेकवून बसवत होते, ते तसेच थांबले.

"औटी, आज घंटा ऐकू आल्या?"

मी म्हणालो, "तळ्यावर गेलेत ना सगळे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. असा चेहरा मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही. आम्ही मागच्या दाराने बाहेर आलो. पलीकडच्या काठावर एकही जनावर नव्हतं. वरच्या अंगाला बायका पोरांना ओढत ओघळीकडे धावत होत्या. आणि नाक्याच्या अलीकडे, तरवडाच्या झुडपांत, काहीतरी चमकलं. मग त्याच्या शेजारी आणखी एक. बंदुकीच्या नळ्या होत्या.

आमच्या गावात हल्लेखोर शिरले, असं बोरवंडीने धरलं होतं. भिऊन त्यांनी जवळच उतरलेल्या टोळीला बोलावून घेतलं होतं. आता आमच्या काठावर एखादा तरुण नुसता काठी घेऊन दिसला असता, तरी पुरे होतं.

आतून मार्थाबाईंनी विचारलं, "काय झालं वो?"

"काही नाही."

"तुमी काही न्हाई म्हनला की लई काही असतं."

सखारामची रंगवलेली जोडी दारात बांधलेली होती. शिंगांना हिंगूळ, अंगावर गेरूचे ठसे, गळ्यात माळा. सर तिकडे गेले आणि दाव्याची गाठ सोडायला लागले. बोटं चालेनात.

"सर, मी नेतो. आमच्या घरी बैल आहेत."

"तुम्ही नको. तुम्हाला ते ओळखत नाहीत. पोराच्या हातात बैल पाहून त्यांना काय वाटेल, सांगता येत नाही. मी गेलो तर निदान ओळखून मारतील." मग हळूच विचारलं, "कासरा कुठे धरायचा?"

मी दाखवलं. त्या माणसाने जन्मात बैलाला हात लावला नव्हता. ते उतरणीवरून निघाले; खरं म्हणजे बैलच त्यांना घेऊन निघाले. मी बाभळीमागे पालथा पडून पाहत होतो. गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. समोरच्या नळ्या हळूहळू त्या आवाजाकडे वळल्या.

सर पाण्यात उतरले. बैलांना पाणी पाजताना शीळ घालतात, हे त्यांनी ऐकलं असावं. त्यांनी ओठांचा चंबू केला, नुसती हवा बाहेर आली. बैल सकाळीच तळ्यावर पिऊन आले होते. गढुळाला तोंड कशाला लावतील? ते माना वर करून उभे राहिले. सरही उभे राहिले. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. बैल पाणी पीत नाहीत, म्हणजे आपला तह कुणाला दिसत नाही, असं बहुधा त्यांच्या मनात आलं. एकाएकी ते वाकले आणि ओंजळीने बैलांच्या अंगावर पाणी मारू लागले. ठसे विरघळले. गेरूचा लाल ओघळ बैलाच्या पोटावरून पाण्यात उतरला आणि खाली वाहू लागला.

कितीतरी वेळ पाण्याच्या आवाजाशिवाय काही नव्हतं. मग झुडपांतून एक म्हातारा खेकसला, "आरं ये मास्तर! रंगिवल्याला बैल धुत्यात व्हय कुनी?"

सर ओरडले, पण आवाज फाटला. "आज पोळा! सगळी तळ्यावर! विसरलो! आम्ही विसरलो!"

"काय?"

"पोळा! पोळा!"

कुणीतरी हसलं. मग बशीरमियाँ उठून उभे राहिले, दोन्ही हात वर करून झुडपांकडे वळले आणि कुणाशी तरी बराच वेळ बोलत राहिले. नळ्या खाली झाल्या. पुष्कळ वेळाने बोरवंडीची एक म्हैस, मागे दुसरी, अशी जनावरं उतरू लागली. सर तोपर्यंत पाण्यातच होते. पाय उचलत नव्हते. मी आणि सखारामने त्यांना धरून वर आणलं. सखाराम म्हणाला, "मास्तर, माझं बैल इटाळलं की वो," आणि मग आपला फेटा काढून त्यांचे पाय पुसायला लागला.

पुढे थोड्याच दिवसांत आपल्या फौजा हद्द ओलांडून गेल्या आणि निजामाचं राज्य संपलं. आमच्याकडे ढोल वाजले, साखर वाटली. मला वाटलं, भीती गेली. ती गेली नव्हती. ओढा उतरून पलीकडे गेली होती. आता बोरवंडीत अंधार पडल्यावर दिवा लागत नव्हता. तिकडे धूर दिसू लागला आणि आमच्या गावातल्या दगडू पैलवानाच्या अंगणात परक्या घरांतली भांडी दिसू लागली.

एका संध्याकाळी आबा पाटील, दगडू आणि त्याच्याबरोबरची पोरं सरांच्या दारात आली. मी आत होतो. मला शिक्षकाच्या ट्रेनिंगसाठी पुण्याला जायचं होतं, म्हणून निरोप घ्यायला गेलो होतो. आतल्या खोलीत मार्थाबाईंच्या खाटेजवळ आसऱ्याला आलेले बशीरमियाँ, त्यांची बायको आणि तीन मुलं बसली होती. चुलीवर कुणाचंच लक्ष नव्हतं.

सर उंबऱ्यात जाऊन उभे राहिले. दाराची चौकट घट्ट धरली होती, तरी सगळं अंग हलत होतं.

आबा म्हणाले, "मास्तर, नाकेदाराला भायेर काढा. तुमच्या केसाला धक्का लागनार न्हाई."

"तह आहे, आबा."

"आता कसला तह? शीवच राह्यली न्हाई. राज्य एक झालं."

"शीव गेली," सर म्हणाले. शब्द तुटत होते. "शब्द शिवेनं दिला नव्हता. तुम्ही दिला होता. माझ्या ओसरीवर बसून."

दगडू पुढे सरकला. "भागूबाई, बाजूला हो."

तेव्हा आतून मार्थाबाईंचा आवाज आला, "कोन हाय ते? हळू बोला की जरा. बारकं पोर आत्ता कुठं झोपलंय."

आबा पाटील जमिनीकडे पाहत राहिले. मग दगडूच्या खांद्यावर हात ठेवून त्याला मागे ओढलं. "उद्या बघू," म्हणाले. जाता जाता कुणीतरी दगड भिरकावला. कौल फुटलं. सर दार न लावता तिथेच उंबऱ्यावर बसले, कारण उभं राहणं त्यांना जमेना.

सकाळी माझी नगरची मोटर होती. ती गावाच्या बाहेरून, ओढ्याकाठच्या रस्त्याने जायची. सरांच्या घरापाशी वळणावर ती हळू झाली आणि मी वाकून पाहिलं.

दार सताड उघडं होतं. रस्त्यावर आळीतली माणसं उभी होती, दगडूही होता. उंबऱ्यात, सगळ्यांना दिसेल अशा जागी, सर खुर्चीवर बसले होते. हाताच्या कंपामुळे त्यांना वस्तरा धरता येत नसावा. गळ्याभोवती पंचा, हनुवटीला साबणाचा फेस. त्यांनी डोळे गच्च मिटून मान मागे टाकली होती, आणि बशीरमियाँ त्यांच्यावर वाकून, जीभ दातांत धरून, त्यांच्या गळ्यावरून सावकाश वस्तरा फिरवत होते.